वाचकांचे प्रश्न : आडरस्त्याने, एकट्याने, दुचाकीवर

मागच्या अंकात या सदरात एका वाचकाला उत्तर देताना आम्ही लिहिले होते की, सातारा आणि सांगली हे जिल्हे महामार्गावरून दिसत नाहीत. ते पाहायचे असतील तर दुचाकी काढावी, एकट्याने निघावे आणि शक्य तिथे राज्य मार्गही सोडावा. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळून फक्त गावे ठेवली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६३ आहे. माझ्याकडे शंभर सीसीची जुनी गाडी आहे. मुलाचे म्हणणे असे की, असल्या भटकंतीला तीनशे-साडेतीनशे सीसीची गाडीच लागते. नवी गाडी घ्यावी का? (कराड)

उत्तर : घेऊ नये. आडरस्त्यावर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे जाण्याची सोयही नसते आणि गरजही नसते, आणि तेवढ्या वेगाला आपले इंजिन पुरून उरते. खरा विचार वजनाचा करावा. आपली गाडी एकशे दहा-पंधरा किलोची असेल. मुलगा सुचवतो त्या बहुतेक गाड्या पावणेदोनशे ते दोनशे किलोच्या भरतात. मुरमाच्या वळणावर गाडी आडवी झाली, किंवा अरुंद चढावर ती उलटी वळवावी लागली, की हा फरक कमरेला आणि गुडघ्यांना कळतो, कारण मागून धरायला दुसरे कोणी नसते. शिवाय आपल्या गाडीची क्लच वायर, ब्रेक लायनर किंवा ट्यूब कोणत्याही बाजाराच्या गावात मिळते आणि ती बसवणारा मेकॅनिकही तिथेच बसलेला असतो. मोठ्या गाडीचा सुटा भाग कधी कधी साताऱ्याहून किंवा कोल्हापुराहून मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत आपला मुक्काम त्याच गावात.

जुनी गाडी निघण्यापूर्वी नीट पाहून मात्र घ्यावी. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. ती किती हवी ते बहुधा चेन कव्हरवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. चेन पूर्ण झाकलेली असेल, तर कव्हरला एक रबरी बूच असते. ते काढून बोटाने चेन खालीवर करून पाहावी. दोन ते तीन सेंटीमीटरची हालचाल साधारणपणे योग्य, त्याहून जास्त असेल तर ती ताणून घ्यावी. कच्च्या रस्त्याची धूळ जुन्या तेलात मिसळली, की तिचा काळा, खरखरीत लगदा होतो आणि तो चेन स्प्रॉकेटचे दात खातो. म्हणून नुसते वरून तेल सोडू नये, आधी रॉकेल किंवा डिझेलने चेन धुवावी आणि मग नव्वद नंबरचे ऑइल लावावे. क्लच वायर जुनी असेल, तर नवी वायर विकत घेऊन जुन्या वायरीला समांतर बांधून ठेवण्याची मेकॅनिक लोकांची युक्ती फार चांगली आहे. जुनी तुटली, तर रस्त्यातच दोन टोके बदलून काम भागते.

आणखी एक सूचना आपल्या वयाच्या पिढीला मुद्दाम करावीशी वाटते. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. तिने चार पैशांचे पेट्रोल वाचते, पण सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला, की तो तापतो आणि ऐन वळणावर त्याची पकड सुटू लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा आणि ब्रेक दाबून न ठेवता सोडत-दाबत वापरावा.

प्रश्न : मी एका रविवारी सांगलीहून निघून विटा, आटपाडी, शिखर शिंगणापूर, दहिवडी, औंध असे करून रात्री परत येण्याचे ठरवले आहे. मार्ग बरोबर आहे का? (सांगली)

उत्तर : मार्ग बरोबर आहे, दिवस चुकला आहे. या फेरीला एक दिवस पुरणार नाही. हे सगळे मिळून तीनशे किलोमीटरच्या घरात जाते, आणि आडरस्त्याने इतके अंतर एका दिवसात कापायचे म्हणजे शिंगणापूरच्या पायऱ्यांपाशी घड्याळ पाहायचे, औंधला संग्रहालय बंद होताना पोहोचायचे आणि शेवटचे साठ-सत्तर किलोमीटर अंधारात मारायचे. अशा फिरण्यात रस्ता हा दोन ठिकाणांमधला अडथळा होऊन बसतो. आमच्या मते दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर ही वरची मर्यादा समजावी, आणि पहिल्या खेपेला तर सांगलीच्या आसपासच राहावे.

त्यासाठी एक वाट सुचवतो. सकाळी आधी उलट दिशेला, हरिपूरला जावे. सांगलीपासून ते चार-पाच किलोमीटरवर आहे. कृष्णा आणि वारणा यांचा संगम आणि संगमेश्वराचे मंदिर पाहून झाले, की हळदीच्या पेवांची चौकशी करावी. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रुंदावत गेलेले कोठार. इथल्या मातीत पाणी झिरपत नाही आणि बंद पेवात कीड जगत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नाही, हे तिथले जुने लोक आवर्जून सांगतात. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवे निकामी झाली आणि व्यापाराने गोदामांची वाट धरली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर पेवांचे दिवस उतरणीला लागले होते. वरून पाहिले तर पेवाची जागा म्हणजे रिकामे मैदान दिसते. सोबत माहीतगार माणूस नसेल, तर त्यावरून चालत हिंडू नये.

तिथून परत फिरून नांद्रे, वसगडे करत भिलवडी गाठावी. ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. तो फाटा वाटेत लागतो. भिलवडीहून कृष्णेवरचा पूल ओलांडला, की अंकलखोप आणि औदुंबर. औदुंबरच्या दत्तमंदिराचा घाट, समोरच्या तीरावर भुवनेश्वरी आणि मधे संथ वाहणारी कृष्णा, एवढ्यावर दुपारपर्यंत बसले तरी चालेल. पुढे जायचे असेलच, तर पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल असे करून देवराष्ट्रे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर वसवलेली कारखान्याची वसाहत, १९४३ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडल आणि १९१३ मध्ये यशवंतराव चव्हाण जिथे जन्मले ते देवराष्ट्रे, ही तिन्ही गावे अर्ध्या तासाच्या अंतरात येतात आणि तिन्हींचा तोंडवळा निराळा आहे. देवराष्ट्र्याच्या अंगालाच सागरेश्वर अभयारण्य आहे. उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून उभे केलेले हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

परतताना पलूसवरून तासगावला उतरावे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान गेलात, तर इथल्या माळांवर हिरव्या जाळीने झाकलेल्या बेदाण्याच्या शेड दिसतील. कुठल्याही एका शेडपाशी गाडी लावून परवानगी मागितली, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर द्राक्षे पसरलेली असतात. नुकतीच टाकलेली द्राक्षे हिरवी आणि टवटवीत, पलीकडच्या रांगेत सुरकुतायला लागलेली, आणि टोकाला साधारण दोन आठवडे झालेला पिवळसर बेदाणा. चढत्या उन्हात त्या गोडसर वासाला मधमाश्या येतात, म्हणून हेल्मेट शेडबाहेर ठेवताना तोंड वर करून ठेवू नये आणि डोक्यात घालण्यापूर्वी आत एकदा बघावे.

आटपाडी आणि शिंगणापूरसाठी वेगळा दिवस काढावा, आणि खरे तर एक मुक्काम.

प्रश्न : नकाशाचे ॲप जवळचा रस्ता म्हणून थेट पाणंदीत नेऊन सोडते. रस्ता पुढे जातो की नाही, हे आधी कसे ओळखावे? (विटा)

उत्तर : ॲपला अंतर कळते, चिखल कळत नाही. पाणंद हा शेतात जाण्यासाठी गाववाल्यांनी राखलेला रस्ता असतो. उन्हाळ्यात तो दुचाकीला चालतो, पण जूननंतर काळ्या रानातली पाणंद चाकाभोवती इतकी माती गुंडाळते की मडगार्डमध्ये चाक अडकते.

रस्त्यावरचे दगड आणि पाट्या वाचायला शिकल्यास बरेचसे काम होते. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने हे केशरी दगड गावोगाव पोहोचवले. बांधकाम खात्याच्या पाट्यांवर ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक असतो. त्यांचा अर्थ अनुक्रमे प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. सावकाश फिरणाऱ्याला इतर जिल्हा मार्ग सर्वांत मानवतात. ते बहुधा डांबरी असतात, त्यांवर वाहतूक बेताची असते आणि ते गावाला वळसा न घालता गावातून जातात. ग्रामीण मार्गांचे मात्र दोन प्रकार पडतात, पुढच्या रस्त्याला मिळणारे आणि शेवटच्या वाडीत संपणारे, आणि पाटीवरून ते कळत नाही.

तिथे विचारावे लागते आणि विचारण्याचीही रीत आहे. ‘हा रस्ता अमुक गावाला जातो ना?’ असे विचारले, की भिडस्त माणूस ‘जातोय की’ म्हणतो. त्याऐवजी ‘अमुक गावाला कसं जायचं?’ असे विचारावे. मग उत्तरात वळणे, ओढे, शाळा आणि रस्ता कुठे खराब आहे तेही येते. ‘एसटी जाते का?’ हा दुसरा प्रश्न. एसटी जात असेल तर रस्ता शंका न घेता धरावा. ‘जवळच हाय’ या उत्तरावरून अंतराचा अंदाज बांधू नये. सांगणाऱ्याचे आयुष्य त्या रस्त्यावर गेलेले असते, त्याला ते जवळच वाटणार.

प्रश्न : पावसाळ्यात कास आणि ठोसेघर करावे म्हणतो. एकट्याने दुचाकीवर जाणे ठीक आहे का? (सातारा)

उत्तर : जावे, पण शनिवार-रविवार टाळून. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला, तेव्हापासून फुलांच्या हंगामात यवतेश्वर घाटात सुट्टीच्या दिवशी वाहनांची रांग लागते आणि एकांताच्या शोधात निघालेला माणूस मोटारींच्या मागे धूर खात पठारावर पोहोचतो. फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर गेल्यास पठार आपल्याला मिळते. सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर आणि तिथून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंतचा रस्ताही सुंदर आहे, पण त्या माथ्यावर पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत. जुलैत तिथे आडवा वारा हलक्या दुचाकीला हातभर सरकवतो आणि धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही. दिवा चालू ठेवावा, दोन्ही हात हँडलवर सैल पण पूर्ण असावेत, आणि वारा झोताने येऊ लागला तर आडोशाला थांबावे.

आमची खरी शिफारस मात्र उलट दिशेची आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यात दहापटीहून मोठा फरक. म्हणजे ज्या ऑगस्टमध्ये पश्चिमेचे घाट निसरडे, धुक्याचे आणि गर्दीचे असतात, त्याच ऑगस्टमध्ये खटाव-माणचे रस्ते कोरडे, मोकळे आणि वर्षातून एकदाच हिरवे असतात. साताऱ्याहून संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठावरची मंदिरे पाहावीत, कोरेगाव, रहिमतपूर करत औंधला जावे, यमाईच्या डोंगराच्या कुशीत १९३८ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय सवडीने पाहावे. चित्रे पाहणाऱ्याला तिथे दोन तासही अपुरे पडतात. वेळ उरला तर वडूजकडे सरकावे.

दिवाळीनंतर याच भागात रस्त्यावर मेंढपाळांचे तांडे भेटतात. चारा-पाण्यासाठी बाहेर पडलेली ही माणसे पावसाळ्याच्या तोंडाशी माणदेशात परततात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि कधी एखादे लहान मूल, मागे शे-दोनशे मेंढरे. कळप समोरून येत असेल तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि हॉर्न अजिबात वाजवू नये. हॉर्नने एक मेंढरू बिचकले, की सगळा कळप त्याच्यामागे शेतात घुसतो आणि भांडण मेंढपाळाला निस्तरावे लागते. मेंढरे दोन्ही अंगांनी गाडीला घासून जातात, सायलेन्सर तापलेला असेल तर तेवढा पाय आडवा धरावा. कळपाच्या मागून जाताना घाई असेल तर मेंढक्याला हाक मारावी. तो एक विशिष्ट शीळ घालतो आणि वाट होते.

या भागात वेड्या बाभळीचे काटे फार. टायर ट्यूबलेस असेल आणि काटा किंवा खिळा रुतलेला दिसला, तर तो उपसू नये; हवा हळूहळू जाते आणि दोन वेळा हवा भरून पंक्चरचे दुकान गाठता येते. तारांची चाके असलेल्या गाडीला बहुधा ट्यूब असते. तिची हवा एकदम जाते, म्हणून माणात जाताना एक ट्यूब बरोबर ठेवावी. दुकानदाराकडे आपल्या मापाची असेलच असे नाही.

प्रश्न : हेडफोन लावून गाणी ऐकत गेले तर चालेल का? (मिरज)

उत्तर : नाही. मागून येणारी एसटी, बांधावरून झेप घेणारे कुत्रे आणि आपल्याच इंजिनाचा बदललेला आवाज, या तिन्ही गोष्टी आधी कानाला कळतात.

प्रश्न : ऊस हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर दुचाकी चालवण्याची भीती वाटते. काही उपाय सांगावा. (वाळवा)

उत्तर : भीती रास्त आहे. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च या काळात कृष्णाकाठचे रस्ते कारखान्यांचे असतात, पाहुण्यांनी तेवढे मान्य करून चालावे. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांतली मागची ट्रॉली चढावर आणि वळणावर डावी-उजवीकडे झुलते आणि बाहेर आलेला ऊस दुचाकीस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर असतो. चालकाने स्पीकरवर गाणी लावलेली असतात, त्यामुळे आपला हॉर्न त्याला ऐकू जाईल असे धरून चालू नये. त्याच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसला, तरच त्याने आपल्याला पाहिले असे समजावे आणि सरळ, सपाट रस्ता असेल तेव्हाच पुढे जावे. एवढे जमत नसेल, तर थांबून चहा प्यावा. फडातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या टायरांची काळी माती डांबरावर पडते आणि तिच्यावर दव किंवा टँकरचे पाणी पडले, की तो पट्टा तेलासारखा निसरडा होतो. अशा पट्ट्यावर ब्रेक न लावता, गाडी सरळ ठेवून, वेग आधीच कमी करून जावे. सोयाबीन किंवा हुलगे मळणीसाठी रस्त्यावर पसरलेले असतील तर तेच करावे. गोल दाण्यांवर चाक धरत नाही.

रात्री मात्र या रस्त्यांवर दुचाकी नकोच. रिफ्लेक्टर नसलेली उभी ट्रॉली दिव्याच्या उजेडात दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि बैलगाडीला तर मागे दिवाच नसतो. सूर्य मावळण्यापूर्वी अर्धा तास आपण मुक्कामाला किंवा घराजवळच्या मोठ्या रस्त्याला असावे, असे वेळापत्रक उलटे मोजत ठरवावे.

प्रश्न : नकाशात नदीवर बारीक रेघ दिसते आणि पलीकडे रस्ता सुरू होतो. तिथून दुचाकी जाते का? (पलूस)

उत्तर : ती रेघ बहुधा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची असते. हिवाळा-उन्हाळ्यात शेतकरी, दूधवाले, शाळेची मुले त्यावरून ये-जा करतात आणि दहा-पंधरा किलोमीटरचा वळसा वाचतो. रुंदी बेताची आणि कठडा बहुतेक ठिकाणी नसतो, म्हणून पलीकडच्या टोकाला कोणी चढलेले नाही ना, हे आधी पाहावे. दोन दुचाक्या मधोमध समोरासमोर आल्या, तर एकाला मागे ढकलत न्यावी लागते. नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवावी. बर्गे, म्हणजे पाणी अडवण्याच्या फळ्या, घातलेले असताना एका अंगाला पाणी काठोकाठ आणि दुसऱ्या अंगाला खोल कोरडे पात्र असते, त्यामुळे ज्यांना उंचीची भोवळ येते त्यांनी उतरून गाडी ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात बर्गे काढतात आणि बंधारा पाण्याखाली जातो. पाणी घोटाभर दिसले तरी त्यावर गाडी घालू नये, कारण खालचा दगड शेवाळलेला असतो आणि ओढ दिसत नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, रोज स्कूटरने नोकरीला जाते. एकटीने दिवसभर फिरण्याची इच्छा आहे, पण गावागावांत लोक अडवून चौकश्या करतात असे ऐकले. (कोरेगाव)

उत्तर : चौकश्या होतील. पुरुषाला ‘कुणीकडं चाललायसा?’ एवढ्यावर सोडतात, बाईला ‘कुणाकडं आलायसा?’ आणि पारावरच्या आजीकडून ‘कुणाची गं तू?’ इथपर्यंत उत्तर द्यावे लागते. यातल्या बहुतेक प्रश्नांमागे कुतूहल असते आणि सरळ उत्तर दिले, की पाणी किंवा चहा पुढे येतो. ‘देवीला आले होते’ हे उत्तर सर्वत्र चालते, पण ‘फिरायला आले’ असे सांगितले तरी आभाळ कोसळत नाही, हे आम्हाला लिहिणाऱ्या अनेक वाचक भगिनींचे म्हणणे आहे. मुक्कामाचे गाव, पुढचा टप्पा आणि आपण एकट्या आहोत ही माहिती मात्र रस्त्यातल्या कोणालाही देऊ नये. ‘मागून माणसं येतायत’ असे सांगण्यात पाप नाही.

थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात. तालुक्याचे एसटी स्थानक, देवस्थानचे आवार, दूध संकलन केंद्र, चालू दिवशी जिल्हा परिषदेची शाळा, अशा ठिकाणी माणसांची वर्दळ असते. स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे. पेट्रोल पंपांना हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह ग्राहकांना विनामूल्य द्यावे लागते, ते हक्काने मागावे, कुलूप असेल तर किल्ली मागावी. स्कूटरची चाके लहान असतात आणि खड्ड्यात जास्त आपटतात, तेवढे धरून मार्ग डांबरी निवडावा. पहिली फेरी रहिमतपूर-औंध अशी, आपल्याच तालुक्याच्या शेजारची असावी. परिचयाची बोली कानावर पडत राहिली, की धीर येतो.

प्रश्न : यजमान निवृत्तीनंतर दर आठवड्याला एकटेच गाडी घेऊन निघतात. संध्याकाळपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. त्यांना अडवू का? (तासगाव)

उत्तर : अडवू नका, पण निघण्यापूर्वी तीन गोष्टी त्यांच्याकडून लेखी घ्या. कोणत्या गावांवरून जाणार, कुठून फोन करणार, आणि किती वाजेपर्यंत परत येणार. कोयनेच्या खोऱ्यात, बामणोलीच्या बाजूला किंवा डोंगराआड मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे फोन लागला नाही म्हणून लगेच घाबरू नये. रेंज असलेल्या गावात पोहोचल्यावर त्यांनीच फोन करायचा, असे ठरवावे. परतण्याची वेळ उलटून तासभर झाला आणि फोन लागत नसेल, तर कागदावरच्या शेवटच्या गावात ओळखीचे कोणी असेल त्याला आधी कळवावे आणि नंतर ११२ क्रमांकावर. अपघाताची बातमी आली तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

त्यांच्या खिशातल्या कागदावर रक्तगट, चालू असलेली औषधे आणि तुमचा क्रमांक असावा. मोबाईल कुलूपबंद असतो, कागद नसतो. परवाना, गाडीची कागदपत्रे आणि विमा डिजिलॉकरमध्ये चालतो, पण विम्याची तारीख तुम्ही स्वतः पाहा, कारण निवृत्त माणसाच्या गाडीचा विमा बरेचदा शेवटच्या पगाराबरोबरच संपलेला असतो. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे आणि पट्टा लावलेले असावे. गावात कोणी घालत नाही, हे कारण ऐकून घेऊ नका. आणि एखाद्या आठवड्यात मागच्या सीटवर बसून तुम्हीही जा; त्या दिवशी त्यांचा एकांत मोडेल खरा, पण ते किती वेगाने चालवतात हे तुम्हाला कळेल.